हेडसेट कुणाला जोडलाय

३ डिसेंबर, बुधवार

औरादला आलो. टेंपोतून सामान उतरलं, एक बरणीसुद्धा फुटली नाही. मुडबीच्या घराची मागची कडी लावली का नाही, हे भालकीपर्यंत आठवत बसलो होतो. बायकोनं, शरणम्मानं, डाव्या हातानं माझा गुडघा दाबला तेव्हा गप्प झालो.

घर मनासारखं आहे. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं परस. घरमालक प्रभुलिंग भिंतीपलीकडंच राहतो. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्याची बायको उमादेवी हिनं आल्याआल्या भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी आणून ठेवली. म्हणाली, अप्पा, आज काय बी करत बसू नका, अक्काला आधी जरा टेकू द्या. परसात प्रभुलिंगच्या आईची, बसम्माअव्वाची समाधी आहे. चुन्यानं रंगवलेला स्वच्छ कट्टा. आपल्या लिंगायत लोकांत माणसाला मातीत बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं रोजच्या पूजेतलं इष्टलिंग ठेवून. त्यात भिण्यासारखं काही नाही. मी दोन फुलं ठेवली आणि म्हणालो, अव्वा, तुमच्या घरात राहायला आलोय.

ही वही धनलक्ष्मीबाईंच्या सांगण्यावरून लिहितो. त्या कलबुर्गीत असतात, वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. रोज सकाळी लॅपटॉपवर त्यांचा तास. ओठ कसे मिटायचे, जीभ कुठं लावायची ते पडद्यावर मोठं दिसतं. मुडबीत नेट टिकत नव्हतं, म्हणून तर इथं आलो. आज कोणता शब्द आला ते रोज लिहा, असं बाई म्हणाल्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पिठाच्या गिरणीत डब्यांवर नावं घालून घालून अक्षर बरं आहे.

उन्हाळ्यात शरणम्माचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणं गेलं. समजतं सगळं. सकाळी पूजेला मी तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवतो, विभूती मी लावतो, पाणी मी घालतो. त्या हातात अजून ताकद आहे. तोंडातून मात्र नुसता वारा येतो. लग्नापासून ती मला एकाच हाकेनं बोलवायची. ओ, ऐकायलाव का. गिरणीनं माझे कान अर्धे खाल्ले, तरी ती हाक मला पट्ट्याच्या धडधडीतूनसुद्धा कळायची. बाकी शब्द नाही आले तरी चालतील. तेवढी हाक पाहिजे.

इथली हवा चांगली आहे. ती आज पोटभर जेवली.

४ डिसेंबर, गुरुवार

बसवप्रभुनं पुण्याहून पाठवलेला लॅपटॉप उघडला. आमचा मुलगा. त्याच्या ऑफिसनं टाकून दिलेली वस्तू आईसाठी पाठवली. सुरू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात चहा होऊन गार होतो. बाईंचं तोंड दिसलं, ओठ हलले, आवाज नाही. स्पीकर गेलेला. वायरचा हेडफोन लावायचं भोक बघितलं, तर आत कुणीतरी पिन मोडून ठेवलेली.

फोन केला. म्हणाला, अप्पा, मला माहीतच नव्हतं, मी कायम बिनवायरचं वापरायचो. मी म्हणालो, आईला पाठवताना एकदा आवाज लावून बघावा वाटला नाही का तुला. तो म्हणाला, मीटिंग चालू आहे. ह्याची आई मुकी झाली आहे आणि ह्याची मीटिंग चालू आहे. मी फोन आपटला. मग फुटला का ते बघत बसलो.

उमादेवीनं भिंतीपलीकडून ऐकलं असावं. एक हेडसेट घेऊन आली. काळा, डोक्यावरून घालायचा, कानांवर गादी, तोंडापुढं बोलायची बारीक दांडी. तिच्या सासूचा. बसम्माअव्वा दिवसभर मोबाईलवरची प्रवचनं ह्यातून ऐकायची म्हणे. तूर पाखडताना, लसूण सोलताना, कायम डोक्यावर. उमादेवी म्हणाली, अव्वा गेल्यापासून नुसता पडून हाय अप्पा, अक्काच्या कामाला आला तर बरंच की. नवऱ्याला विचारलंस का म्हणालो, तर म्हणाली, त्यांना कशाला विचारायलाव.

५ डिसेंबर, शुक्रवार

बसस्टँडसमोर मल्लेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोट सुटलेला, तोंडात कायम बडीशेप. लॅपटॉप बघून म्हणाला, काका, ह्यो लॅपटॉप हाय का पाटा वरवंटा. बसलेली गिऱ्हाइकं हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण काम होतं.

त्याचं म्हणणं, लॅपटॉपमधलं ब्लूटूथ म्हातारं आहे, ह्या हेडसेटची भाषा त्याला कळत नाही. मग नखाएवढं एक डोंगल बाजूच्या भोकात बसवलं. हेडसेटचं बटण निळा आणि लाल दिवा आळीपाळीनं लागेपर्यंत दाबून धरायचं, मग पडद्यावर त्याचं नाव येतं, त्यावर टिचकी मारायची. आतून एक बाई कनेक्टेड म्हणते. तेवढं मला वहीत लिहून घेऊ दिलं.

मी विचारलं, गिरणीत पट्टा सुटला की दिसतो, इथं काय सुटलं ते कळायचं कसं. तो म्हणाला, वायरच न्हाई काका, सुटतंय कुठनं. मला हे उत्तर आवडलं नाही. वायर नाही म्हणजे ते कुठं जातं हेही दिसत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

जोडलं गेलं. शरणम्माच्या कानात बाईंचा आवाज गेला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ओठ मिटून दाखवले. पाणीमधला पा. शरणम्मानं ओठ मिटले, सोडले, मिटले, सोडले. आणि आला. पा. माझ्या ह्या फुटक्या कानांनी ऐकला. उन्हाळ्यापासूनचा पहिला आवाज.

बाईंना ऐकूच गेला नाही. म्हणाल्या, आजोबा, आजींचा माइक बंद आहे. मी म्हणालो, चालू आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलताय ते ऐकू येतंय, ते लॅपटॉपच्या माइकमधून येतंय, आजींच्या हेडसेटमधून काहीच येत नाही. मी पडद्यावर शोधलं. एकच हेडसेट दोन नावांनी दिसतो. एकावर आवाज चांगला पण बोलायचं बंद, दुसऱ्यावर बोलायचं चालू पण बाई विहिरीतून बोलल्यासारख्या. दुसरं निवडलं. तरी नाही. शरणम्मा पा पा म्हणत राहिली आणि बाई पलीकडं मान हलवत राहिल्या, काहीच नाही, काहीच नाही.

बायकोनं इतक्या महिन्यांनी एक आवाज काढला आणि तो वाटेतच कुठंतरी गेला. मला एवढा राग आला की पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. नंतर ओल पुसली. भाड्याचं घर आहे.

८ डिसेंबर, सोमवार

काल भा, आज म. बाईंना एकही ऐकू गेला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तास संपल्यावर हेडसेट काढला आणि म्हणालो, शरणम्मा, परवाचा पा म्हण. तिनं ओठ मिटले. नुसता वारा. भा म्हण. वारा. जे एकदा त्या दांडीत बोलते ते तिच्याकडं परत येत नाही. बाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, असं होतं, सराव वाढवा. सराव काय वाढवा. डब्यातलं पीठ रोज कमी होतंय आणि ह्या म्हणतात आणखी काढा.

९ डिसेंबर, मंगळवार

मल्लेशला घरी आणलं. आधी म्हणाला दुकान सोडता येत नाही. त्याच्या दुकानापुढं उभा राहून मी जोरजोरात बोलायला लागलो तेव्हा गाडीला किक मारली.

त्यानं सगळं केलं. लॅपटॉपमधून हेडसेटचं नाव पुसलं, डोंगल काढून दुसऱ्या भोकात घातलं, दोन्ही बंद करून चालू केले. मग हेडसेटच कोरा केला. दोन बटणं एकदम दाबून धरली, आतली जुनी ओळख सगळी पुसली म्हणाला. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. मग डोकं खाजवत बसला. काका, म्हणाला, ह्येनं आधीच एक घर केलंय.

समजावून सांगितलं ते असं. हेडसेट एका वेळी दोन ठिकाणी जोडलेला राहू शकतो. कान इकडं, तोंड तिकडं. जवळपास कुठंतरी ह्याच्या ओळखीचा मोबाईल चालू आहे, आणि अक्काचं बोलणं तो ओढून घेतो. त्यो बंद करा, मग चालतंय. मी विचारलं, ओळख पुसलीस ना आत्ता. म्हणाला, पुसलो की. मंग परत कसा धरायलाय त्यो मला बी कळंना.

उमादेवी आणि प्रभुलिंगचे मोबाईल बंद करायला लावले. फरक नाही. मल्लेशनं मग आसपास काय काय चालू आहे ते स्वतःच्या मोबाईलवर बघितलं. आमचा लॅपटॉप दिसला. त्याखाली एक नाव. बसम्मा.

मल्लेश हसला. काका, सासूबाई ऑनलाइन हायत. मोबाईल पुढं धरून चालायला लागला, जिकडं सिग्नलचा जोर जास्त तिकडं. स्वयंपाकघर, मागचं दार, परस. मी मागं मागं. कट्ट्यापाशी थांबला. मोबाईल कट्ट्यावर धरला, मग खाली, चुन्याला टेकवून. तोंडातली बडीशेप थुंकली. गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला आणि गेला. त्याचा पेचकस इथंच राहिला.

१० डिसेंबर, बुधवार

उमादेवीला धरून विचारलं. मोठ्यानं विचारलं. ती पदराचं टोक चावत राहिली आणि मग सांगितलं.

अव्वा तीन वर्षांपूर्वी बसल्याजागी गेली. कानावर हेडसेट, डाव्या हातात मोबाईल, प्रवचन चालू. हेडसेट निघाला. मूठ उघडेना. तेल लावलं, गरम पाणी लावलं, तरी उघडेना. समाधीची वेळ टळत चालली होती, विधी करणाऱ्या जंगम स्वामींना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं, पाहुणे कुरकुर करत होते. शेवटी प्रभुलिंग म्हणाला, राहू द्या तसंच. तळहातात ठेवायचं लिंग मोबाईलवर ठेवलं, वरून विभूती, मीठ, माती. उमादेवी म्हणाली, अप्पा, माती लोटताना बी आतनं प्रवचन ऐकू यायलतं.

मी म्हणालो, तुम्हाला लाज कशी वाटली नाही. ज्या हातात लिंग घेऊन माणसानं जायचं, त्या हातात तुम्ही फोन देऊन पाठवलं. मग ती गेली कुठं. उमादेवी रडायला लागली. मला तिची कीव आली नाही.

तीन वर्षं मोबाईल चालू राहतो का, हे मल्लेशला फोन करून विचारलं. म्हणाला, काका, मला फोन करू नका.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल हेडसेट लपवून ठेवला. तास घेतला नाही. शरणम्मा दिवसभर डाव्या हातानं चटई बडवत राहिली, कान दाखवत राहिली. जेवली नाही. माझ्याकडं अशी बघत होती, जशी काही मीच तिची जीभ कापली. आज दिला.

लॅपटॉप चालू करायच्या आधीच आतली बाई कनेक्टेड म्हणाली.

आणि शरणम्मा बोलली. अख्खा शब्द. स्वच्छ. उमा.

माझं घर पालथं झालं ह्या एका हाकेसाठी, आणि तिच्या तोंडी पहिलं नाव शेजारणीचं. मी म्हणालो, मी कोण आहे, मला हाक मार. ती माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडं बघत होती.

१४ डिसेंबर, रविवार

रोज वाढतंय. आता हेडसेट काढला तरी बोलते. बाई खूश आहेत, त्यांना अजूनही हेडसेटमधून काही ऐकू येत नाही, पण पडद्यावर ओठ हलताना दिसतात. आजोबा, कमाल आहे म्हणाल्या. मी लॅपटॉप मिटला. 

उमादेवी भाजी घेऊन आली. शरणम्मानं एक घास खाल्ला आणि म्हणाली, मीठ कमी हाय उमा, किती येळा सांगायचं तुला. उमादेवीच्या हातातली वाटी पडली. आमच्या शरणम्मानं कुणाच्या हातच्या अन्नाला कधी नाव ठेवलं नाही. मग म्हणाली, तपकीर दे. आमच्या घरात तपकीर कुणी ओढली नाही. उमादेवी भिंतीला टेकून म्हणाली, अव्वा ओढायची.

तोंड तिचं. आवाज तिचा नाही. तिचा आवाज बारीक होता, जरा नाकातला. हा जाड आहे, घशात काहीतरी अडकल्यासारखा. बोलून झालं की थुंकते, तोंडात माती गेल्यावर थुंकतो तशी.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी पूजेला बसवायला गेलो, तर ती आधीच बसलेली. मांडी घालून. तिचा उजवा पाय उन्हाळ्यापासून दुमडत नाही. पाठ ताठ, डावा हात मांडीत, तळहात वर. मी लिंग ठेवायला वाकलो तर हात झटकला. ह्ये माझं न्हाई म्हणाली. मला माझं कुणी दिलंच न्हाई. हातात काय दिलं मला, सांग की.

लिंग जमिनीवर पडलं. मी उचललं, पुसलं, कपाळाला लावलं.  

१६ डिसेंबर, मंगळवार

प्रभुलिंग आला होता. दारात उभा राहिला. तिनं बघितलं आणि म्हणाली, प्रभ्या, वाळलास की रं. तो खाली बसला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरागत रडला. मी घाई केलो अव्वा, म्हणत होता, लोक घाई करायलते. ती म्हणाली, लोकाचं काय ऐकतोस, माझं ऐक. आणि माझ्या बायकोच्या हातानं त्याचे केस कुरवाळले. उजव्या हातानं. मेलेल्या हातानं.

मी त्याला दंडाला धरून उठवलं. माझी बायको आहे ती, म्हणालो, आई नव्हे तुझी, ऊठ. तो म्हणाला, अप्पा, कामून वरडायलाव, अक्का बरी व्हायलीय, तुम्हाला नको हाय का.

मला नको आहे का. मला.

१७ डिसेंबर, बुधवार

चहा प्रभुलिंग आणतो. पान तो आणतो, तपकीर तो आणतो. अव्वा म्हणतो. माझ्या घरात येताना मला विचारत नाही. मी ओरडलो की ती दोघं थांबतात, एकमेकांकडं बघतात, आणि मी गप्प झालो की पुन्हा बोलायला लागतात.

बसवप्रभुला फोन लावून बोलावलं. तिनंच फोन घेतला. बरी हाय म्हणाली. तो आनंदानं रडला. अप्पा, लॅपटॉपचा उपयोग झाला बघा म्हणाला. आईचा आवाज ओळखता येत नाही त्याला. कान चांगले आहेत त्याचे.

१८ डिसेंबर, गुरुवार

हेडसेट घेतला, पाट्यावर ठेवला, वरवंटा उचलला. फोडणार होतो. निळा दिवा लागला. आतली बाई कनेक्टेड म्हणाली. मी हात लावला नव्हता.

मग कुणीतरी बोललं. माझे कान असे, गादीतून काय बोलतंय ते कळेना. इतक्या दिवसांत तो मी स्वतःच्या डोक्यावर घातलाच नव्हता. घातला.

ओ, ऐकायलाव का.

बारीक. नाकातला. पट्ट्याच्या धडधडीतूनसुद्धा कळायचा तो.

ओ, ऐकायलाव का. लई अंधार हाय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तीच आहे. मी विचारून घेतलं. गिरणीतल्या पट्ट्यात पदर अडकला होता तेव्हा मी काय केलं, हे तिनं सांगितलं. दुसऱ्या कुणाला माहीत नाही. पा, भा, म, जे जे त्या दांडीत बोलली ते सगळं खाली गेलं, आणि त्याच्यामागं तीही गेली. तिकडून दुसरी वर आली. दोन्हीकडचा रस्ता एकच. मीच घातला तिच्या डोक्यावर. मीच बटण दाबलं. ह्या हातानं.

म्हणते, बसून बसून मान मोडायलीय. म्हणते, कुणाच्या तरी हातात हाय मी, त्यो हात सोडंना.

प्रभुलिंगला सांगितलं, समाधी उघड, मोबाईल काढ, लिंग तळहातात ठेव, जे तेव्हा करायचं होतं ते आत्ता कर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, अव्वा तर घरात हाय, खाली काय काढायलाव.

उमादेवी दारामागं उभी होती. डोळे खाली.

२० डिसेंबर, शनिवार

हेडसेट टुक टुक करतोय. चार्ज संपत आला. चार्जरची वायर सकाळी इथंच होती. खोलीतली म्हणते, मला काय माहीत. तोंडात काहीतरी चघळत होती. वायरचा तुकडा होता. हसली.

मल्लेशकडं गेलो, चार्जरची असली पिन दे म्हणालो. त्यानं शटर ओढून घेतलं. काका, मी पोराबाळाचा माणूस हाय, आतून म्हणाला. मी शटरवर लाथा घातल्या. लोक जमले. म्हातारा बिघडला म्हणाले.

हेडसेट बंद करून ठेवतो. चार्ज वाचवायला. बंद करताना ती म्हणते, बंद करू नका हो. तरी करतो. बंद करावाच लागतो. देवा, ह्या सगळ्यांचं—

२१ डिसेंबर, रविवार

प्रभुलिंग तिला गाडीवर बसवून जनवाड्याला नेणार. नातेवाइकांना दाखवायला. ती गाडीवर चढली, पाय टाकून, तरण्या बाईसारखी. जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, म्हाताऱ्या, घर बघ.

गेले. उमादेवीनं कुदळ आणून ठेवली. घरात जाऊन कडी लावली.

वही बरोबर घेतली आहे. बाई, तुम्ही रोज लिहा म्हणालात. लिहितोय.

कट्ट्याचे दगड निघाले. माती भुसभुशीत आहे, विभूतीनं पांढरी. हेडसेट चालू केला आहे. ती बोलतेय. सावकाश, म्हणतेय, घाम पुसा. औषध घेतलं का. खाली बसून माझ्या औषधाची काळजी—

दम लागला. जरा बसून लिहितो. लिंग सापडलं. चांदीच्या डबीतलं, मातीत एका बाजूला घसरलेलं. पुसून खिशात ठेवलं. हे तळहातात ठेवायचं, मोबाईल काढायचा. एवढंच. एवढंच करायचं होतं त्या नालायकांनी.

टुक टुक.

बसलेल्या माणसाचं डोकं आधी लागायला पाहिजे. डोकं नाही लागलं. हात लागला. डावा हात, कोपरापासून वर केलेला. मातीतून वर येत असल्यासारखा. मुठीत उजेड आहे. बोटांच्या फटींतून उजेड—

ओढतोय. सुटत नाही. ती कानात म्हणते, लावा जोर, यायलीय मी. एक बोट उघडलं. दुसरं—

गाडीचा आवाज आला. इतक्यात कसे. जनवाड्याला गेलेच नाहीत.

टुक टुक. टुक.

मागं कुणीतरी उभं आहे. वळलो नाही. वळणार नाही. बोट उघडतोय.

ओ, ऐकायलाव का.

कानात. आणि पाठीमागं. दोन्हीकडून. एकाच वेळी, तोच बारीक, नाकातला—

शरणम्मा, तू कुठली, कानातली का मागची, लवकर सांग, चार्ज संपतोय, हा बंद झाला की जी मागं उरेल ती—